मोहाच्या तेलाचा हात

आई, अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं ठेवलंय. पाणी तापत आलंय. बाजूला घमेल्यात मैनाच्या डायपरचे सगळे कापडी पॅड पडलेत, भांड्याचा साबण आहे, ढवळायला दांडकं आहे. सगळी तयारी झाली, फक्त पॅड पाण्यात टाकायला माझा हात होत नाही. ऊन कुंपणावरून पार विहिरीपर्यंत आलं आणि मी आपली पाटावर बसूनच आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून वं, पान्याकडं पाहून राह्यली? पाह्यलं म्हंजे का लवकर उकळते थे?"

उकळायला तर पाहिजेच. रजा संपली, सोमवारी मला पतसंस्थेत हजर व्हायचंय. मैनाला तुमच्या धाकट्या जाऊबाई, आपल्या काकू, सांभाळणार आहेत. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. घडीघडी उठून लेकराचं ओलं बदलणं त्यांना होणार नाही. त्या तसं बोलल्या नाहीत, उलट "आण नं, मैनाले मी नाई तं कोन पाहीन" असंच म्हणाल्या, पण उठताना भिंतीला धरतात ते मला दिसतं नं. पॅड गळता कामा नयेत. आणि ते गळतात ते तुमच्या तेलामुळे. तेल काढायचं तर कढत पाण्यात साबण घालून काढावं लागतं. म्हणजे तुमचा हात काढून टाकावा लागतो. एवढीशी गोष्ट आहे बघा, आणि तीच मला जमत नाहीये.

आपलं भांडण कुठून सुरू झालं, आठवतं? यवतमाळहून माझी ताई मैनाला पाहायला आली आणि तिच्या पोराचे झालेले कापडी डायपर पिशवी भरून घेऊन आली. रंगीबेरंगी, बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, कमरेला बटणं, मांडीला इलॅस्टिक, आणि आत एक खिसा, त्यात सरकवायचा जाड सुती पॅड. धुवायचे, वाळवायचे, परत वापरायचे. तुम्ही एक उचललात, उलटा केलात, खिशात कोपरापर्यंत हात घालून पाहिलात आणि ताईच्या तोंडावर म्हणालात, "लेकराले रेनकोट शिवला व माय! पाऊस आतून अन् रेनकोट बाहेरून!"

ताई हसली. मी नाही हसले. मला राग आला होता, कारण तुमच्या त्या जुन्या धोतराच्या लंगोटांनी माझा जीव नकोसा केला होता. मामंजींची धोतरं तुम्ही जपून ठेवली होती, नातवंडांसाठी. मैना झाली तशी ती फाडून चौकोनी लंगोट केलेत. मऊ होते, हे मी तेव्हाही कबूल करत होते. पण मैना मुतली की लंगोट, दुपटं, गोधडी, आपली साडी, सगळं ओलं. दिवसभर दोरीवर नुसता तिचाच बाजार मांडलेला असायचा. म्हणून मी हट्टाला पेटले. म्हटलं, आता हेच घालायचे.

आणि नेमके तेच गळायला लागले.

ताईकडे ह्याच डायपरांत तिचा पोरगा तास-दोन तास कोरडा राहायचा. आपल्या घरात आले आणि अर्ध्या तासात मैनाच्या मांडीवरून ओघळ. मी काय काय नाही केलं! बटणं एक घर आत लावली, इलॅस्टिक जांघेच्या घडीत नीट बसवलं, पॅडचं टोक बाहेर डोकावत नाही ना ते बोट फिरवून पाहिलं, दोन पॅड घातले, पॅड मधोमध दुमडून पाहिला. दोन पॅड घातले तेव्हा ती पोरगी बेडकासारखी पाय फाकवून पडली आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसत बसलात. मी पाठ फिरवली की तुम्ही बटणं सैल करायच्या. "पोट काचते लेकराचं." मी परत घट्ट करायची. त्या बटणांनी काय काय सोसलं असेल ते तीच जाणोत. आणि मैना तुमच्या मांडीवर ओली झाली की तुम्ही मोठ्यानं घोषणा करायच्या, "झाला पाऊस!" मी स्वयंपाकघरात असले तरी मला ऐकू यावं म्हणून.

एकदा मी चिडून म्हटलं होतं, "आई, तुम्हाला गळलेलंच आवडतं!" तेव्हा तुम्ही अगदी शांतपणे मैनाचे पाय पुसत होता. म्हणालात, "ओलं लागलं का लेकरू रडते. रडलं का माय येते. तुह्या ह्या बटनवाल्यात थे रडनच नाई, मंग माय येईन कायले? लेकराले काय झालं थे समजलंच नाई, तं माय कायची?"

उत्तर होतं, ताईनं सांगितलेलंच होतं, की कोरडं असलं तरी दर दोन तासांनी उघडून पाहायचं असतं, तिथं आळस करायचा नसतो. पण तुम्ही ज्या पद्धतीनं बोललात त्यावर ते सांगावंसं वाटलं नाही. मी भाजी फोडणीला टाकायला आत गेले.

तुमची सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ऊन अंगणात उतरलं की तुम्ही ह्याच पाटावर बसायच्या, पाय लांब करून. मैना दोन्ही पायांच्या मधल्या खोळीत. वाटीत मोहाच्या बियांचं तेल, बाजाराच्या दिवशी पोडावरची, कोलामांच्या वस्तीवरची बाई आणते ते, त्यात ओवा आणि लसूण कढवलेला. थंडीत ते तेल तुपासारखं गोठतं, म्हणून वाटी चुलीच्या कडेला ठेवलेली. माझ्या माहेरी, यवतमाळात, आम्ही दुकानातल्या बाटलीचं तेल लावणारे लोक. तुमच्या तेलाचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी नाकाला पदर लावला होता. तुम्ही पाहिलंत आणि वाटी जरा लांब सरकवलीत. दुसऱ्या दिवशी परत जवळ आणलीत.

छाती, पोट, हात, पाय, टाळू. गळ्याची पाळी आली की तुम्ही म्हणायच्या, "मान वर, मैनाबाई, मान वर." बाळसं धरलेली पोर, गळ्याला घड्या पडलेल्या, त्यात दूध साचून लाल व्हायचं, म्हणून तुम्हाला गळा महत्त्वाचा. आधी तुम्ही हनुवटीला बोट लावून मान उचलायच्या. मग पुढं पुढं ती तुमच्या नुसत्या म्हणण्यानं मान वर करायला लागली. डोळे मिटून, हनुवटी आभाळाकडं, नटीसारखी. मीच ठेवलेल्या अन्वी ह्या नावानं हाक मारली तर वळूनही पाहायची नाही, आणि तुमच्या "मान वर"ला लगेच हजर. मला हेवा वाटायचा, आई. आता सांगते.

मग आंघोळ, मग धुरी, मग अंग कोरडं केल्यावर परत जांघेत बोटभर तेल, "म्हंजे ओलं लागत नाई". आणि शेवटी हाताला उरलेलं तेल तुम्ही कुठं पुसायच्या? शेजारी घडी घालून ठेवलेल्या मैनाच्या पॅडांवर. दोन्ही तळवे, दाबून. एकदा मी टोकलं होतं तर म्हणालात, "वाया कायले घालू? कापडाले लागलं तं लेकराच्याच अंगाले लागन नं." मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. काटकसर वाटली. घरोघरी म्हाताऱ्या असंच करतात.

त्या शेवटच्या सकाळी आपली पैज लागली होती. रविवारी दुपारपर्यंत मैनाला लंगोट, दुपारनंतर डायपर, आणि काकूंना पंच बसवायचं. कोणाची मांडी जास्त वेळा ओली होते ते पाहायचं. हरणारीनं आठवडाभर सगळं धुवायचं. तुम्ही म्हणालात, "मी हारत नसतो, पाह्य." मी म्हटलं, "आम्ही यवतमाळवालेही हरत नाही." आणि तुम्ही हसत हसत ओसरीच्या पायरीवर बसलात, छातीला हात लावून. मला वाटलं हसून दम लागला.

तुमच्या लेकानं गाडी बोलावली. नागपूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा समोर कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हरचा हात दुखला असेल. मी तुमच्या शेजारी होते. मैना काकूंकडे होती, घरीच. तुम्ही डोळे उघडलेत, माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "पोट्टी ओली असन वं. पाह्य."

मी म्हटलं, "हो आई, पाहते."

ह्यावर तुम्ही काही बोलल्या नाहीत. नंतरही नाही. एवढं आयुष्य एकत्र काढायचं, एवढं भांडायचं, आणि शेवटचं बोलणं लंगोटाचं! लोक विचारतात, काही बोलल्या का हो जाताना? मी म्हणते, नाही, शुद्ध नव्हती. खरं सांगितलं तर कोणाला काय समजणार? ते आपल्या दोघींचं आहे.

त्या दिवसांत मैनाला तेल लावायचं कोणाला सुचलं नाही. घरभर बायका, एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर ती फिरत होती. मला आंघोळ घालता येत होती, पण तशी पाय लांब करून, तेल चोळून नाही. एकदा हात लावून पाहिला तर ती माशासारखी सटकली आणि मी घाबरून सोडून दिलं. मी बायकांना म्हटलं, राहू द्या आता, पाहू नंतर. कोनाड्यातली बाटली तशीच आहे, तेल पांढरं गोठून बसलंय.

तेरवी झाली, पाव्हणे गेले, ताई तेवढी राहिली. मी तिला म्हटलं, हे तुझे डायपर घेऊन जा बाई परत, आमच्याकडे ह्यांना काय झालंय देव जाणे. तिनं एक पॅड हातात घेतला, वास घेतला, आणि नळाखाली बोट धरून त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब आत गेलाच नाही. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानावर पाणी राहतं तसा वरच गोल होऊन राहिला. ताईनं पॅड कलता केला तर थेंब घरंगळून तिच्या पायावर पडला.

"हे पाणी पीतच नाहीत," ती म्हणाली. "तेल पिऊन बसलेत. मुतलेलं वरूनच वाहून जातंय. कोणी लावलं एवढं तेल?"

आणि आई, मी तो पॅड तिच्या हातून घेतला आणि हसले. तेरवीच्या घरात, ओसरीवर बसून, मोठ्यानं हसले. महिनोन् महिने बटणं, इलॅस्टिक, घड्या, माझी सगळी अक्कल खर्ची पडली, आणि इकडं तुम्ही रोज सकाळी, हसतमुखानं, त्या पॅडांना मोहाचं तेल चारत होत्या! पैज लावायच्या आधीच जिंकून ठेवलेली! ताई घाबरून माझ्या तोंडाकडं पाहत होती. मग ते हसणं कुठं गेलं मला कळलं नाही. ताईनं मला जवळ घेतलं आणि पॅड माझ्या हातून काढायला गेली, तर मी तो सोडला नाही.

तुम्हाला हे सांगायला मी किती तडफडले! तुमच्यासमोर थेंब टाकून दाखवला असता. म्हटलं असतं, पाहा, पाहा आता, चोर सापडला! आणि तुम्ही काय म्हणाला असता, तेही मला माहीत आहे. "तेल लेकराले लागलं अन् कापडालेही लागलं, त्यात मी काय वाईट केलं वं?" नाहीतर म्हणाला असता, "मंग हा तुह्या रेनकोटाचाच गुन, तेल पेते अन् पानी नाई पेत." तुमची उत्तरं मीच तयार करते आणि मीच ऐकते. सगळी तुमच्यासारखीच जमतात. पण तुम्ही समोर बसून असं काहीतरी बोलायच्या की मी गप्पच व्हायची, ते काही मला तयार करता येत नाही.

ताईनं जाताना सांगून ठेवलंय. वरचे डायपर कोमट पाण्यात धू, नाहीतर इलॅस्टिक जाईल. पॅड मात्र कढत पाण्यात, भांड्याचा साबण घालून, ढवळून काढ. मग साध्या पाण्यात फेस जाईपर्यंत खळबळ. एकदा नाही निघालं तर परत. थेंब आत जिरला की समज झालं. आणि पुढं तेल लावशील तर जांघ पुसून घे, मध्ये एक पातळ फडकं घाल, तेलाचा हात पॅडला पुसू नको. तिनं सगळं बरोबरच सांगितलं.

आज सकाळी एक एक पॅड उन्हात धरून पाहिला. प्रत्येकावर पिवळसर डाग आहे. मी ते मैनाचे समजत होते, घासत होते. नीट पाहिलं तर बोटं दिसतात. सगळ्या पॅडांवर नाही, पण दोन-तीनांवर चांगली दिसतात, अंगठा बाजूला, आणि तुमचं करंगळीचं वाकडं पेर. कापूस वेचताना लहानपणी मोडलं होतं म्हणायच्या ते. तुमचा फोटो आहे समोरच्या खोलीत, हार घातलेला. आमच्या लग्नातला कापून मोठा केलाय, तुम्ही त्यात नवरदेवाची माय म्हणून ताठ उभ्या आहात. तो मला अनोळखी वाटतो. हे डाग ओळखीचे आहेत.

माझं पोट कापून मैनाला काढलं तेव्हा मला कुशीवर वळता येत नव्हतं. दूध येत नव्हतं. मी रडायची आणि ती रडायची. तुम्ही तिला उचलून नेलंत, मला पाठीला उशी लावलीत आणि म्हणालात, "तू झोप. मी हावो नं." मी लगेच झोपले होते, आई. इतकी गाढ की तुम्ही तिचं काय काय बदललंत, किती वेळा बदललंत, मला आजही ठाऊक नाही. मी तुम्हाला कधी म्हटलं नाही की त्या शब्दांवर मी इतके महिने झोपले. आपल्याकडे असं कोण म्हणतं? सासूला काय थँक्यू म्हणायचं? तुम्हीच हसला असता. पण म्हणायला पाहिजे होतं. आता पाणी उकळेपर्यंत दुसरं काही काम नाही, तर म्हणते. तुम्ही होता म्हणून मी टिकले.

मनात आलं, एक पॅड ठेवून द्यावा. तो करंगळीवाला. साडीत गुंडाळून कपाटात. मग तुमचा आवाज ऐकू आला, अगदी स्पष्ट, "चांगलं कापड कपाटात ठेवते अन् पोट्टीले ओलं ठेवते?" आणि शेवटचं जे मला सांगितलंत ते हेच तर होतं.

म्हणून टाकले. सगळे. करंगळीवाला शेवटी. दांडक्यानं दाबला तसा तो फुगून वर आला, परत दाबला. साबण घातला, ढवळलं. थोड्या वेळानं पाण्यावर पिवळा तवंग आला आणि मग वास सुटला. मोह, ओवा, लसूण. तुमच्या पदराचा, तुमच्या उशीचा, सकाळचा वास. सगळ्या अंगणात. मला वाटलं तुम्ही मागं उभ्या आहात आणि मी मागं वळून पाहिलं, आई, खरंच पाहिलं. ओसरी रिकामी होती.

मैना माझ्या बाजूला अंगणात गोधडीवर खेळत होती, चमचा आपटत. तिचा चमचा थांबला. तिनं दाराकडं पाहिलं. मग पाटाकडं. मग परत दाराकडं, बराच वेळ. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. चमचा सोडला, गोधडीवर उताणी झाली, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. कोणी काही म्हटलं नव्हतं. गळ्याच्या सगळ्या घड्या उघड्या टाकून ती तशीच पडून राहिली, वाट पाहत.

मला समजलं, आई. पातेलं उकळत सोडून मी उठले आणि कोनाड्यातली बाटली चुलीच्या कडेला आणून ठेवली.